डबा बसला की लांब राहायचं

संशोधन केंद्रामागच्या कुरणात मावशी बावीस वर्षं गवत मोजत होत्या. घरी सून म्हणायची, "आई, गवत ते गवत, त्यात रोज काय बघायचं?" मावशी म्हणायच्या, "रोज बघितलं म्हणून तर कळलं!" कुरणात शेजारी शेजारी आखलेल्या तीन चौकोनांवर उष्णतेचे दिवे टांगलेले होते. पुढे कधीतरी जगाला सोसावी लागणारी ऊब तिथे आजच मिळत होती. त्या उबेत बारीक गवत आणि पिवळी फुलं हळूहळू संपली, राठ झुडपं माजली. मावशींनी हे सगळं पानापानाने वहीत टिपलं होतं.

आणि आता पाहुणे येणार म्हणून नव्या साहेबांनी फर्मान काढलं, "ती झुडपं छाटा. रान माजल्यासारखं दिसतंय. तिथे कुंड्या ठेवू."

"साहेब, झुडपं छाटली तर बावीस वर्षं पाण्यात!"

"मला शिकवू नका. मीच छाटतो. आणि तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

"उद्याचं उद्या. आज मी कामावर आहे."

साहेब खरंच कात्री आणायला गेले. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पारदर्शक डबा उचलला आणि मधल्या चौकोनावर बसवला. आतली झाडं आणि माती हवेतला कार्बन किती घेतात, किती सोडतात, ते हा डबा मोजायचा. साहेब परतले तेव्हा मोजणी सुरू झाली होती.

"लांब!" मावशी ओरडल्या. "डबा बसला की दहा पावलं लांब. माणसाचा श्वास आकड्यात मिसळतो. नियम तुमचाच आहे, तुमच्या सहीने दारावर चिकटवलाय."

आल्या आल्या नियम चिकटवायची साहेबांना भारी हौस होती. आता दात-ओठ खात ते दहा पावलांवर उभे राहिले. मावशींचा एक आकडा संपला की दुसरा सुरू. तेवढ्यात पाहुण्या बाई आल्याच.

"अरे वा, इथे तर किती हिरवंगार आहे! चांगलंच झालं की!"

मावशींनी डब्यावर काळं कापड टाकलं आणि लांब येऊन वही पुढे केली. "उजेडात पानं कार्बन घेतात, ते दिसतं. तापलेली माती सोडते, ते दिसत नाही. म्हणून अंधार करायचा, की नुसतं सोडणं मोजता येतं. पूर्वी हा चौकोन घ्यायचा जास्त, सोडायचा कमी. आता उलटं झालंय. बघा."

बाई बराच वेळ वही चाळत राहिल्या. मग त्यांचं लक्ष साहेबांच्या हाताकडे गेलं. "ही कात्री कशाला?"

"ही... मावशींच्या कामाची," साहेब म्हणाले.

"माझं काम मोजायचं," मावशी म्हणाल्या. "कापायला साहेब आलेत."