उषामावशींची गाय

"आमच्याकडे नर दिसला, की मुळासकट उपटून फेकतो," असं उषामावशी क्युपर्टिनोच्या पॉटलकमध्ये शांतपणे सांगायच्या आणि श्रीखंडाचा चमचा तोंडात घालून समोरच्या नवरेमंडळींकडे एकेक करून बघायच्या. नवरेमंडळी कसनुसं हसायची. बायका मनापासून हसायच्या. मावशी उत्तरेला चार तासांवरच्या डोंगरात औषधी झाडं लावतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. ती तुळस असणार, हे काकूंनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

तो गांजा होता. त्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलो, म्हणून हे एकट्या मला कळलं. मावशी मूळच्या नागपूरच्या, सांता क्लाराच्या एका कंपनीत चिप टेस्ट करायच्या. काकांना कॅन्सर झाला, केमोनंतर पोटात अन्न ठरेना, तेव्हा डॉक्टरांनी गांजाची चिठ्ठी लिहून दिली. शेवटचे चार महिने काका निदान दोन घास जेवले. पुढे २००१च्या मंदीत मावशींची नोकरी गेली आणि त्यांनी डोंगरात जमीन घेतली. पेशंटसाठी थोडी झाडं लावायला राज्याच्या कायद्यात मुभा होती. मावशींची झाडं चोवीस आणि त्यांच्यावर विसंबलेले पेशंट सहा.

"पण मावशी, केंद्राच्या कायद्यात हे बसत नाही," मी म्हणालो. "माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे."

"मग तू पंप पाहा न. झाडांकडे काहून पाहून राहिला?"

नर झाड राहिलं, की कळ्यांत बी धरतं आणि औषध वाया जातं, म्हणून ते उपटायचं. मादी झाडांना त्या 'पोरी' म्हणायच्या. कळ्या पिकल्या की नाही, हे जुन्या नोकरीतल्या भिंगातून तपासायच्या. कळीवरचे राळेचे थेंब दुधाळ झाले, की कापणी. एक दिवस आधी नाही. "टेस्ट पुरी झाल्याशिवाय मी एक चिप सोडली नाही कधी," हे वर ऐकवायच्या.

पाच-सहा वर्षांनी, कापणी तोंडावर असताना शेजारच्या डोंगरात वणवा पेटला. सगळ्यांना सक्तीनं बाहेर काढलं. मावशी देव आणि कुकर घेऊन आमच्याकडे आल्या. तिकडे कडक ऊन, झाडांना थेंबभर पाणी नाही. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "गाडी काढ." तुळशीला पाणी घालायला जातोय, असं मी बायकोला सांगितलं.

वाटेत शेरीफच्या माणसानं, म्हणजे तिथल्या पोलिसानं, अडवलं. जनावरं असतील तरच आत सोडायची परवानगी होती, चारापाणी करून लगेच परत. मावशींनी पापणीही न लववता सांगितलं, की गाय आहे. "आम्ही हिंदू आहोत. गाय उपाशी असली, की आम्हाला जेवण जात नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अजून हाती न आलेल्या ग्रीन कार्डावर मनातल्या मनात तुळशीपत्र ठेवलं आणि मान डोलावली. त्यानं वहीत 'गाय, एक' असं लिहिलं, माझा फोन नंबर घेतला आणि भला माणूस असल्यामुळे म्हणाला, "चला, मीही येतो मदतीला."

फाटक उघडल्यावर त्याला डोक्याहून उंच चोवीस झाडं दिसली. गोठा कुठेच दिसला नाही. मावशींनी शेडमधली पेशंटच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली. त्यानं डॉक्टरांची सहाच्या सहा पत्रं सावकाश वाचली.

"ही गाय पाणी किती पिते?" त्यानं विचारलं.

मग आम्ही तिघांनी बादल्या वाहिल्या, ब्लोअरनं पानांवरची राख उडवली. निघताना तो म्हणाला, "वारा फिरला तर यातलं काही उरणार नाही. आत्ताच कापून न्या. मी काही पाहिलेलं नाही."

मावशींनी भिंग डोळ्याला लावलं. एका झाडावरून दुसऱ्याकडे जात बराच वेळ बघत राहिल्या.

"दहा दिवस बाकी आहेत," त्या म्हणाल्या.

"मावशी, कापा यार. नसण्यापेक्षा कच्चं बरं," मी अक्षरशः गयावया केली.

"केमोवाल्या माणसाला कच्चं देऊ? तो माझ्या भरवशावर घास घेते, बाबू." त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. मला त्यांचा राग आला होता.

दोन दिवसांनी वारा फिरला. शेरीफच्या माणसानं आमच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला, "मॅडमना सांगा, गाय वाचली नाही. आय ॲम व्हेरी सॉरी." तो निरोप आधी माझ्या बायकोनं ऐकला. मी ऑफिसातून येईपर्यंत तिनं क्युपर्टिनोभर फोन केले होते. संध्याकाळी सात बायका पिठलं-भात घेऊन आल्या आणि मावशींभोवती कोंडाळं करून बसल्या. कोणी गायीच्या नावानं इस्कॉनला दान द्यायचं ठरवत होतं. मला हसू आवरेना. मावशी हे किती रंगवतील, याची वाट बघत मी दारात उभा राहिलो. त्या मात्र मांडीवरच्या भिंगावरून नुसता अंगठा फिरवत होत्या.

जोशीकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गाभण होती का हो?"

"दहा दिवस राहिले होते," मावशी म्हणाल्या आणि काकूंच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसून हमसून रडायला लागल्या.