पडलेला कॅप्टन

लग्न होऊन आष्ट्याला आले तेव्हा पहिली दोनेक वर्षं सासऱ्यांशी माझं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "ठेव" एवढंच होतं. आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. नवरा पुण्यात नोकरीला, सुट्टीपुरता घरी.

एका दुपारी मी मोबाइलवर अंतराळयानातल्या राक्षसाचा पिक्चर बघत होते. आबा मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"दुसरा भाग हाय न्हवं?" ते म्हणाले. "पयला बघितलास का?"

त्यांनी निघालेले सगळे भाग टीव्हीवर हिंदीतून बघितले होते. त्या दिवशी चहा राहिला आणि वाद सुरू झाला.

वाद असा. पहिल्या भागात कॅप्टन राक्षसाला एका खोलीत कोंडतो. त्या खोलीचं दार फक्त कॅप्टनच्या पंजाच्या ठशानं उघडतं. मग राक्षसाचं पिल्लू कॅप्टनला मारतं. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा दार सताड उघडं. उघडलं कुणी?

"कॅप्टननं," आबा म्हणाले. "त्येचा एक माणूस आत राहिला हुता."

"अहो आबा, कॅप्टन मेलाय."

"मेलाय कुठं दावलंय? पडलाय एवढंच दावलंय."

"छातीतून आरपार शेपूट गेलंय त्याच्या!"

"डाव्या का उजव्या?"

मी मोबाइलवर पहिला भाग लावून बघितला. उजव्या.

"मग?" म्हणत आबा अंघोळीला गेले.

हे कित्येक महिने चाललं. सासूबाई शेजारी सांगायच्या, सासरा-सुनेचं जमिनीवरनं बिनसलंय. राक्षसावरनं बिनसलंय हे सांगायला त्यांना बरं वाटत नव्हतं.

एकदा शेंगा फोडता फोडता मी वैतागून म्हणाले, "शहाणा कॅप्टन एका माणसासाठी ते दार उघडणारच नाही."

आबांचा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं. बर्फात ड्युटीवर असताना त्यांच्यातला एक जण कड्यावरून खाली गेला. सगळे म्हणाले, संपला. आबा आणि आणखी एक जण दोर लावून उतरले. माणूस जिवंत होता.

"आता खंडाळ्याला ऱ्हातो. नातू हायती त्याला," एवढं बोलून ते पुन्हा शेंगा फोडायला लागले.

त्यानंतर मी वाद सोडून दिला. कॅप्टनचा विषय निघाला की म्हणायचे, "असेल आबा, तुमचं बरोबर असेल."

चार-पाच दिवस त्यांनी सोसलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"माझी कीव करतीस व्हय? त्या गोष्टीचा हितं काय संबंध? पिक्चरवर बोल."

मला आधी लाज वाटली, मग हायसं वाटलं. "कॅप्टन मेलाय," मी म्हणाले.

"न्हाई मेला," ते म्हणाले आणि दोन घास जास्त जेवले.

गेल्या वर्षी नवा भाग सांगलीत लागला. सासरा-सून दोघंच थेटरात बसलेली बरी दिसत नाहीत म्हणून सासूबाई सोबत आल्या. नव्या भागात उलगडा केला होता: कॅप्टन तेव्हाच मेला, दार यानातल्या रोबोटनं उघडलं. माझं बरोबर ठरलं. मी आबांकडं बघितलं नाही.

परतीच्या एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. मला जिंकल्यासारखं काही वाटेना. तो रोबोट आधीच्या एकाही भागात नव्हता.

"आबा, हे मागनं जोडलंय," मी म्हणाले. "आपण हा भाग धरायचाच नाही."

त्यांनी विचार केला. "न्हाई धरायचा," म्हणाले. "आधीचेच खरे."

सासूबाई मधल्या सीटवर होत्या. त्यांचं वेगळंच चाललं होतं.

"एवढं मोठं जहाज," त्या म्हणाल्या, "आन् सैपाकघर एकदा बी दावलं न्हाई. ती माणसं जेवत्यात कवा?"

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडं बघितलं. आबांनी मला विचारलं, "पयल्या भागात हाय का गं?"

रविवारी तिघं मिळून बघणार आहोत.