दत्तात्रयरावांच्या कमरेतली कळ

भुताखेतांचे किस्से मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. विश्वास शून्य. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला डॉक्टर आहे. कुठे काय दुखतं आणि का, हे शोधणं हेच माझं काम. पण त्या रविवारी दुपारचं कोडं अजून सुटलेलं नाही...

कुरुळीच्या बबनरावांना त्यांची बायको, सखूबाई, घेऊन आल्या. गावातल्या डॉक्टरांना मुतखडा वाटला होता. पण माणूस घामाने निथळत होता, बीपी जेमतेम. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला, तर दिसलं – हृदयाकडून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली, आणि बहुतेक फुटलेली. असे पेशंट पुष्कळदा ऑपरेशन टेबलापर्यंत पोचतच नाहीत. रक्त मागवलं, सर्जनना बोलावलं, स्ट्रेचर थेट वर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. सखूबाई मागोमाग गेल्या.

थोड्या वेळाने एक गृहस्थ वाकत वाकत आत आले. दत्तात्रयराव, राहणार देहूरोड. कळ डाव्या कमरेतून पोटात – बबनरावांनी दाखवली होती अगदी तिथेच. आडनावही तेच. विचारलं, तर म्हणाले, कुरुळीला थोरला भाऊ आहे, पण जमिनीवरून बोलणं कधीचं बंद आहे. हा आजार भावाभावांत असू शकतो, म्हणून घाईने प्रोब ठेवला. रक्तवाहिनी नॉर्मल. ईसीजी नॉर्मल. कळ मात्र खरी होती. कॉटची दांडी त्यांनी घट्ट धरली होती.

मग एकाएकी त्यांची मूठ सुटली. "थांबलं," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. ओटीतून सिस्टर सांगत होत्या – रक्तवाहिनीला क्लॅम्पचा चिमटा लागला, रक्तस्राव आटोक्यात आहे.

मी फोन ठेवला तर दत्तात्रयराव माझ्याकडेच बघत होते.

"मॅडम, दादा वाचंल न्हवं?"

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सखूबाईंचा मोबाईल तर घरीच राहिला होता. त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं.

बबनराव वाचले. बरेच दिवस आयसीयूत काढून घरी गेले. सहकारी म्हणतात, योगायोग. असेल... पण वाटेतली इतकी हॉस्पिटलं सोडून दत्तात्रयराव इथेच का आले?

पुढे तपासणीला थोरल्याला घेऊन दत्तात्रयरावच आले, तेव्हा न राहवून विचारलं.

"मलाबी उमगलं न्हाई, मॅडम. पण कळ माझी न्हाई, हे घरातून निघतानाच ठावं व्हतं."

याच्यापलीकडे मलाही काही सांगता येत नाही.