पहिल्या तोड्याचं वांगं

ओसाकात मी सात दिवस एकटी जेवले, आणि सातही दिवस जेवण झाल्याबरोबर बाबांना अकोटला फोन केला. माझी दुपारची साडेबाराची वेळ म्हणजे त्यांची सकाळची नऊची. शेतावर जाण्याआधी ते तेव्हाच जेवतात. म्हणजे जेवत असत, आई होती तोवर.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर बाबा चहात बिस्किटं बुडवून दिवस काढत होते. शेजारच्या काकू मला पुण्याला फोन करून सांगायच्या, "पोळ्या देतो व बाई, पण ताट तसंच वापस येते." जपानचं तिकीट मी आई असतानाच काढलेलं होतं. ते रद्द करते म्हटल्यावर बाबा चिडले.

"काहून? जा. तू तिकडं खा, मी इकडं खातो."

"खरं खासान?"

"तू रोज फोन कर. काय खाल्लं ते सांग. मी ताट घेऊन बसतो."

असं आमचं ठरलं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि विमानात बसलेलीही पहिलीच. अमरावतीच्या वसतिगृहात मी चार वर्षं शिकू शकले ती आईच्या डब्यामुळे. दर रविवारी ती अकोटहून एसटीच्या वाहकाजवळ डबा द्यायची आणि मी डेपोत जाऊन घ्यायचे. पूर्ण अनोळखी माणसांनी तो डबा चार वर्षं सांभाळून आणला. त्या वाहकांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, याची आता रुखरुख लागते.

ओसाकात एकट्या माणसाला खाण्याची फार सोय आहे. लांब फळीसमोर उंच खुर्च्या असतात, पलीकडे स्वयंपाकी उभा, आणि आपल्यासारखेच एकेकटे लोक शेजारी मुकाट जेवत असतात. पहिल्या दिवशी मी गरम सुपातल्या जाड शेवया खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पानकोबी आणि पीठ कालवून तव्यावर थापलेला प्रकार.

"म्हंजे पानकोबीचं धिरडं," बाबा म्हणाले. "त्याच्यासाठी एवढ्या दूर गेली?"

"वरून चटणी होती बाबा, गोड."

"धिरड्यावर गोड चटणी! वा रे जपान."

मी हसले, पण माझे कान दुसरीकडेच होते. बाबा जेवायला बसले की आधी कांदा जमिनीवर ठेवून मुठीनं फोडतात. लहानपणापासून तो धप्प आवाज आला की आम्ही समजायचो, बाबा जेवायला बसले. पहिल्या दिवशी तो आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"जेवून राहिले ना तुमी?"

"हो हो, जेवूनच राहिलो."

खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑक्टोपसचे गोळे खाल्ले, चौथ्या दिवशी काडीला टोचून तळलेलं कमळाचं देठ. रंगवून सांगितलं. कांदा फुटला नाही.

पाचव्या दिवशी छप्पर घातलेल्या एका लांबलचक बाजारात भाजीचं छोटं दुकान दिसलं. दुकानदार म्हातारी बाई होती. एका टोपलीत गोल, तुकतुकीत जांभळी वांगी ठेवली होती. मला एकच हवं होतं. मी टोपलीत हात घालून चाचपलं, आणि देठाजवळ डाग पडलेलं एक उचललं.

बाईंनी मान हलवली. माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि सगळ्यात घट्ट, सगळ्यात चमकदार वांगं माझ्या तळहातावर ठेवलं. मग हातांनी फाडण्याची आणि तोंडात टाकण्याची खूण करून दाखवली. कच्चंच. मागच्या नळावर धुऊनही दिलं.

मी बाहेरच्या बाकावर बसून ते फाडलं. हातावरून पाणी ओघळलं. चव जरा गोडसर होती, नासपतीसारखी. अर्धं खाल्लं आणि लक्षात आलं की आपण डागाचंच उचललं होतं. आमच्या शेतातलं चांगलं वांगं टोपल्यात भरून अकोल्याच्या जठारपेठेत, भाजीबाजारात जायचं. उरलेलं किडकं, डागी घरात राहायचं. आई कीड कापून टाकायची आणि उरेल त्याची भाजी करायची. वांगं म्हणजे तेच, असं माझ्या हातांना अजून वाटत होतं.

बाबांना फोन लावून हे सगळं सांगितलं.

"कच्चं वांगं? गुरं खातेत ते."

"लय गोड होतं, बाबा."

"अन् डागाचं काहून उचललं?"

"सवय."

ते म्हणाले, "तुह्या मायचीबी तेच सवय. मी चांगले टोपल्यात भरत गेलो, थे किडके कापत बसली. एक सांगू? एकबी चांगलं वांगं तिच्या ताटात पडलं नाई माह्या हातून." मग म्हणाले, "उद्या वांग्याचा पहिला तोडा हाय."

सहाव्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. शेतात असतील, असं मी दहा वेळा स्वतःला सांगितलं. जेवणानंतरचा चहा समोर निवत राहिला.

सातव्या दिवशी विमानतळाच्या गाडीची वाट पाहत मी फलाटावर उभी होते. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काल तोड्यात होतो. माल गेला जठारपेठेत," बाबा म्हणाले. "एक ठेवून घेतलं."

"कोणतं?"

"टोपल्यातलं सगळ्यात चांगलं. आता चुलीत भाजलं. तेल, मीठ, मिरची. बस."

"मंग खा ना."

"खातो. अर्धं."

"अर्धं काहून, बाबा? पुरं खा."

"तू आली का तुले दुसरं तोडतो. चांगलंच तोडतो." त्यांचा आवाज जरा खाली गेला. "हे अर्धं तिचं हाय."

गाडी आली. दारं उघडली. माझी बॅग पायाशी होती, पण मी हलले नाही. फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले, कारण तिकडे भांडं सरकल्याचा आवाज झाला, आणि त्यामागून, कितीतरी महिन्यांनी, जमिनीवर कांदा फुटला.