सखूआत्याचा कौल

सखूआत्यानं माझ्या हातातली माळ घेतली आणि सरळ पायऱ्यांखाली भिरकावली. "बाजारचं फूल इथं चालत न्हाई. डोंगराच्या बाईला डोंगराचंच लागतं. जा, वाटंवरला पळस आण." नवी सून मी, ऊन डोक्यावर, चढून जीव मेटाकुटीला आलेला. असा राग आला म्हणता! पण गेले. ही आमची पहिली भेट.

जिंतूरकडच्या डोंगरातलं ते जुनं दगडी देऊळ. आत्या गुरवाची विधवा. नवऱ्यामागं देवीची पूजा तीच करी. दगडू हा एकुलता एक मुलगा. कुठल्या वळणावर फाल्गुनात पळस फुलतो, कुठं श्रावणात तेरडा गुडघाभर होतो, सगळी वाट तिला पाठ. त्याच फुलांनी ती कौल लावायची. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या बोटानं एकेक फूल चिकटवायचं आणि मनातलं विचारायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. माझा नवरा लढ्यासाठी सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेला, त्याची काही खबर नाही. गावोगावच्या बायका वर यायच्या. कुणाचा भाऊ तुरुंगात, कुणाचा बाप उचलून नेलेला. आणि नवल म्हणजे दर बाईला उजवाच कौल! मी आपली रडत चढायची आणि डोळे पुसून उतरायची. एकदा नीट पाहिलं. डावं फूल आत्या लोण्यानं घट्ट बसवत होती, उजवं नुसतं टेकवत होती.

"आत्या, ही काय लबाडी?"

"हळू बोल. लय शहाणी! डावा कौल घेतलेली बाई खाली कशी जाती, म्हाईत हाय तुला? एक घरी पोचलीच न्हाई. कड्याखाली घावली. घरी लेकरं वाट बघायलीत ह्या बायांची. भाकर थापायला हात तर चालाय पायजेत का न्हाई?"

तिचं खरंच होतं, पण माझा आधार गेला तो गेलाच.

श्रावणात भर बाजारातून बंदूकवाल्यांनी दगडूला नेलं. परभणीच्या तुरुंगात चौकशी केली, तिथंही नाही. कळल्याबरोबर मी वर गेले. आत्या गाभाऱ्यात बसलेली, केस सुटलेले, देवी अजून पारोशी.

"कौल तू लाव," ती म्हणाली. "माज्या हाताचा मलाच भरवसा न्हाई. दोनी फुलं सारखी लाव, तुला माजी आन हाय."

मी दोन तेरडे नुसत्या पाण्यानं लावले, सारखे. आत्या हात जोडून बसली. फूल पडेना. दुपार कलली, पाणी वाळलं, फुलं मलूल होऊन तशीच चिकटून राहिली. आधी ती पुटपुटत होती, "उजवा दे माय, उजवा दे." मग कपाळ दगडावर आपटायला लागली. "पड ग! डावा तर डावा, पण पड! एकदाचं कळू दे मला!" मी तिला मिठी मारून मागं ओढलं. मलाही रडू आवरेना. फुलं काही पडली नाहीत.

त्यानंतर तिनं कुणालाही कौल लावला नाही. बायका पाया पडायच्या. ती त्यांचा हात धरून सांगायची, "देवीला कशाला तरास? मी सांगते ना, तुजं माणूस येतंय." बायका तेवढ्यावर जायच्या.

पुढं हिंदुस्थानची फौज आली, राज्य बदललं. दसऱ्याच्या सुमारास माझा नवरा परतला. दगडू आला नाही. देवीची ओटी घेऊन मी वर गेले तेव्हा सगळी वाट कुरडूच्या फुलांनी पांढरी झाली होती, आणि माझं मेलं सुख मला लपवता येत नव्हतं. आत्याची नुसती हाडं राहिली होती. माझ्याकडून ओटीचे तांदूळ घेऊन ती देवीपुढं ठेवत होती. काय बोलावं तिच्याशी? मी हलकेच म्हटलं, "आत्या, दगडू येईल."

तिचा हात थांबला. "मोठ्यानं म्हण ग."

मी मोठ्यानं म्हटलं.

मुठीत तांदूळ धरून तिनं ऐकलं आणि म्हणाली, "आजून एकदा म्हण."