अडीच कोस

"मानूस सोन्यासारखा होता, पर याद गेली होती त्याची," शेजारच्या मावशी म्हणाल्या. "साडेचार किलोमीटर म्हने! माहा जीव जात होता त्या साडेचारात."

सगळे हसले. आमच्या ओसरीवर यंदाच्या पदयात्रेची बैठक बसली होती. दरवर्षी अशोक विजयादशमीला पोचायचं म्हणून तेलुगू राज्यातल्या आमच्या या बेला गावातून वीस-पंचवीस माणसं नागपूरला, दीक्षाभूमीपर्यंत चालत जातात. मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी होते. बोलणं चाललं होतं ते आबाजींबद्दल. आबाजी उन्हाळ्यातच गेले.

ते आमच्या गल्लीतले. जन्मभर टपाल वाटलं, त्यातलं बरंचसं पायी; यात्रेतही रस्ता दाखवत पुढे तेच चालायचे. रस्ता सांगताना ते हात कधी सरळ करायचे नाहीत. बोटानं हवेत वळणं काढायचे, आणि ज्या वळणावर कुत्रं असेल तिथं बोट मागं घ्यायचे. असा माणूस तुमच्याही गावात असेल. पत्ता विचारला की सोबत चालायला लागणारा. "इचारल्यानं कोनी लहान होत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. आपण नसलो तर लोक कसे जातील, म्हणून त्यांना नकाशा हवा होता. मी कॉलेजमधून सुटीला आले होते, मोकळी होते, म्हणून मला घेऊन फिरले. मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, एक जुना नकाशा निघाला. गावांची नावं उर्दूत, वर शिक्का तेलुगूत. "माहं गाव माह्या नकाशात सापडाले तीन मानसं लागली," आबाजी बाहेर येऊन म्हणाले. बस स्टँडवरच्या दुकानात नागपूरचं गाईड मिळालं. ते त्यांनी मला वाचायला लावलं आणि परत दिलं. "हाटेलं लय हायत. झाड एक नाय."

मग माझा फोन. त्यातल्या रस्ता सांगणाऱ्या बाईनं आम्हाला सरळ हायवेवर घातलं.

"ही बाई कधी चपला घालून चालली का?" आबाजींनी विचारलं. "सावली कुठं, पानी कुठं, तिले काय ठाव! मंग आपूनच लिवू, माय."

चार दुपारी ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. त्यांना मोतीबिंदू, दिसत नव्हतं. पैनगंगा कुठे ओलांडायची, कोणत्या शाळेचे हेडमास्तर मुक्कामाला चावी देतात, कोणत्या घरची आजी ताक देते पण आधी तासभर बोलते. सगळं डोळे मिटून. अंतर कोसात सांगायचे. "आपला कोस तीन किलोमीटरचा. तू पोराईसाठी किलोमीटर करून टाक."

वणी सोडल्यावर पुढच्या हातपंपापर्यंत ते म्हणाले, "अडीच कोस. मधात थेंब नाय, हे ठळक लिव."

मी थांबले. मराठी वाचायला-लिहायला मला आईनं घरी शिकवलं, पण आकडे शाळेतले, इंग्रजीतच राहिले. दीड, अडीच हे शब्द रोज कानावर पडायचे आणि मी अंदाजानं मान हलवायची. दोन्हींत अर्धा असतो एवढं ठाऊक होतं. विचारलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. पण एवढी शिकलेली मुलगी अडीच म्हणजे किती विचारते, हे गल्लीभर झालं असतं. मी एक आणि अर्धा धरलं. तिनानं गुणलं. ४.५ किमी, ठळक अक्षरात.

पुस्तिका छापून आली तेव्हा ती उलटी धरून आबाजी दारोदार दाखवत होते. "इंग्लिश मिडियमच्या पोरीनं लिवलं हाय. चुकत नसते ते."

त्या वर्षी ते पहिल्यांदा घरी राहिले. त्यांच्या जागी पुस्तिका गेली.

वणीच्या पुढे लोकांनी साडेचार किलोमीटरच्या हिशेबानं पाणी पिऊन टाकलं. हातपंप आला नाही. ऊन असं की कापसाची पानं मलूल झाली होती. मावशी रस्त्यातच कोसळल्या. एका टेम्पोवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं म्हणून वाचल्या.

निरोप आला तेव्हा आई तूरडाळ निवडत होती. मी विचारलं, "अडीच म्हणजे किती?"

"दोन आन अर्धा. काऊन?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी आबाजी काठी टेकत आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "माय, म्या तुले दीड सांगतलं होतं का अडीच?"

मी फोनमध्ये बघत राहिले. "तुम्ही सांगितलं तेच लिहिलं."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मंग मीच चुकलो असन."

त्यानंतरचे आबाजी मी खिडकीतून पाहिले. कुलूप लावून निघायचे आणि परत येऊन ओढून बघायचे. दूधवाल्याला वार विचारायचे, आणि तोच वार पुन्हा. एकदा मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांना शेजारच्या गावचा रस्ता विचारला. त्या गावात त्यांनी कितीतरी वर्षं टपाल टाकलेलं. आबाजींचं बोट वर आलं, एक वळण काढलं, आणि खाली गेलं.

"दुसऱ्या कोनाले इचारा, बापू," ते म्हणाले.

पुढच्या यात्रेच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावलं नाही.

ओसरीवर आता यंदा फोनच्या रस्त्यानंच जायचं ठरत होतं. हायवे तर हायवे. कुणीतरी पुस्तिका मागितली, तर मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या व. गेल्या मानसाले काऊन नावं ठेवा? म्हातारपनी होते असं."

मी ट्रे घेऊन बाहेर आले. तो खाली ठेवला आणि तिथंच उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एरवी चहा ठेवून आत जाते.

"मावशी, आबाजींनी अडीच कोसच सांगितलं होतं," मी म्हणाले. "अडीच म्हणजे किती, ते मला माहीत नव्हतं. ते विचारायला आले तेव्हा माहीत होतं. तरी मी सांगितलं नाही."