परांचीची भोकं

गावात दगडफेक झाली त्या वर्षी मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर होतो. पोलिसांची बायकापोरं भाड्याच्या खोल्यांत जीव मुठीत धरून राहत होती, म्हणून भोकरदन तालुक्यातल्या त्या गावी दुमजली क्वार्टर्स तातडीने बांधायच्या ठरल्या. जागेमागच्या बोळातूनच दगड आले होते, त्यामुळे मागच्या भिंतीला खिडकी ठेवायची नाही असं नकाशातच होतं. तो नकाशा घेऊन मी असा मिरवायचो, जणू किल्लाच बांधतोय.

खरं काम मिस्त्रींचं होतं. वयाने माझ्या वडिलांएवढे, घरी उर्दू बोलणारे, पण मला 'साहेब' म्हणायचे आणि मी ते म्हणून घ्यायचो. भिंत चढवताना ते विटांत जागोजाग भोकं सोडत. त्यात आडव्या बल्ल्यांची, म्हणजे लाकडी वाशांची, टोकं खोचली की वर उभं राहून काम करायची परांची भिंतीला धरून राहते. प्लास्टर वरून खाली करत यायचं आणि परांची उतरवत एकेक भोक बुजवायचं, ही त्यांची रीत होती.

एका दुपारी फौजदार बोळातून फिरून आले. भिंतीकडे बघत म्हणाले, "ह्या भोकांत खुंट्या ठोकून कुणीबी गच्चीवर जाईल की."

ते गेल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, "आजच सगळी भोकं बुजवा."

"साहेब, प्लास्टर व्हईपर्यंत ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "खिडकी न्हाई, भोक न्हाई, मंग परांची कशाला धरून ऱ्हाईल?"

"भिंतीलगत बल्ल्यांची दुसरी ओळ उभी करा. मला शिकवू नका."

हे शेवटचं वाक्य मी मजुरांसमोर बोललो. संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने सगळी भोकं बुजवली. फौजदारांनी बुजवायला सांगितलंही नव्हतं. त्यांना खूश करायची घाई मला होती.

दोन ओळींची परांची उभी राहिली, पण भिंतीला ती कुठेच बांधलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती बोळाच्या बाजूला कलली. मजूर खालच्या फळीवर होते, त्यांनी उड्या मारल्या. मिस्त्री सगळ्यात वर होते. त्यांच्या उजव्या घोट्याचा चुरा झाला.

जालन्याच्या दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला आले, तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "पाय घसरला. बाकी काम बराबर होतं."

जमादारांनी ते लिहून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून सही मी केली. त्यांनी मला वाचवलं आणि मी मूग गिळून वाचलो. बाहेर त्यांची बायको बसली होती. तिच्याशीही मी बोललो नाही.

पुढे पोलिसांची कुटुंबं राहायला आली. एका हवालदाराच्या बायकोने मला पेढा दिला आणि म्हणाली, "आता डोळ्याला डोळा लागतो, भाऊ." पेढा मी खाल्ला.

दहा-बारा वर्षांनी जालन्यात माझं घर बांधायला काढलं, तेव्हा मी मिस्त्रींकडे गेलो. त्या दिवसानंतर ते परांचीवर चढले नव्हते. खाली खुर्चीवर बसून देखरेख करा म्हटलं. उपकार करतोय असं मला वाटत होतं, ह्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते. ते लंगडत आले, भिंतीला ओळंबा लावून पाहिला आणि गवंड्यांना जवळ बोलावलं.

"भोकं मी सांगीन तवाच बुजवायची," ते म्हणाले. "साहेबाला इचारायचं न्हाई."

गवंडी हसले. मालकाची थट्टा चाललीय असं त्यांना वाटलं. मिस्त्री हसत नव्हते. रागावलेलेही नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. त्या परांचीवरून ते कसे पडले, हे त्या गवंड्यांना मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

मी पण हसलो, आणि चहाचं सांगायला आत गेलो.